फ्लश केला की नहाणी गुडगुडते, मग वास येतो: लहान घरात ड्रेनेजच्या हवेचा रस्ता कसा आखायचा

तक्रार ओळखीची आहे. वरच्या मजल्यावर कोणी फ्लश केला की खालच्या बाथरूमची नहाणी (फरशीतलं पाणी जाण्याचं तोंड) गुडगुडते आणि थोड्या वेळाने वास सुटतो. फिनेल ओतलं, ॲसिड मारलं, डांबरगोळ्या टाकल्या की दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. प्लंबरला बोलावलं तर तो लाइन तुंबली म्हणून तार घालतो. लाइन तुंबलेली नसतेच. अशा बहुतेक घरांत घाण साचलेली नसते, हवा कोंडलेली असते. पाणी जायला पाइप दिलेला असतो, हवेला दिलेला नसतो.

स्वतः उभं राहून बांधलेल्या घरांत हे जास्त दिसतं, कारण तिथे ड्रेनेजचा नकाशा काढलेलाच नसतो. गवंडी, प्लंबर आणि सेप्टिक टँकवाला तिघे वेगवेगळ्या महिन्यांत येतात आणि आपापला तुकडा जोडून जातात. हवेच्या पाइपाची जबाबदारी तिघांपैकी कोणाचीच नसते.

नेमकं घडतं काय

नहाणी ट्रॅप, कमोड, बेसिनखालचा बॉटल ट्रॅप, सगळ्यांत थोडं पाणी कायम अडकून राहतं. घर आणि गटार यांच्यामधलं दार म्हणजे हेच पाणी. चांगल्या ट्रॅपमध्ये त्याची खोली ५० मिमी असते. ५० मिमी पाणी किती दाब अडवतं? वातावरणाच्या दाबाच्या साधारण दोनशेव्या भागाइतका. म्हणजे पाइपातल्या हवेचा दाब एवढ्याशा फरकाने वरखाली झाला, तरी दार उघडतं.

उभ्या पाइपातून पाण्याचा लोंढा खाली पडतो तेव्हा तो पुढची हवा ढकलतो आणि मागची ओढतो. पाण्याची भरलेली बाटली उलटी केली की ती गुटगुट करत रिकामी होते, कारण हवा त्याच तोंडातून आत घुसत असते. पाइपाचं वरचं तोंड गच्चीवर उघडं असेल तर हवा तिथून निमूट येते. ते बंद असेल तर ती जवळच्या ट्रॅपमधून येते आणि येताना तिथलं पाणी ओढून नेते. गुडगुड होते ती हीच. पाणी गेलं की दार उघडं पडतं आणि वास घरात.

दुसरा प्रकार उलटा. लोंढा खाली जाऊन आडव्या पाइपात वळतो तिथे पुढची हवा दाबली जाते. तिला सुटायला जागा नसेल तर ती तळमजल्याच्या कमोडमधून बुडबुडे होऊन वर येते, कधी पाणी उडवते.

आधी निदान, मग छिन्नी

फरशी फोडण्याआधी गुडगुड कधी होते ते दोन-तीन दिवस नीट बघा.

वर फ्लश केल्यावर खालच्या किंवा शेजारच्या नहाणीचं पाणी खाली ओढलं जात असेल, तर उभ्या लाइनीला वरून हवा मिळत नाही. गच्चीवर जा. काउल (पाइपाच्या तोंडावरची जाळीदार टोपी) आहे का, की चाचणीसाठी बसवलेलं एंड कॅप, म्हणजे बूच, तसंच राहिलंय? पाइप छज्ज्याखालीच संपवलाय का? नंतर बांधलेल्या खोलीत तो गाडला गेलाय का? कावळ्याचं किंवा साळुंकीचं घरटं, सुकलेली पानं, कोळिष्टकं, सगळं बघा.

खालच्या कमोडमध्ये बुडबुडे येत असतील, तर दोष उभ्या लाइनीच्या पायथ्याशी किंवा सेप्टिक टँकमध्ये असतो. पायथ्याला एकच ९० अंशाचा आखूड एल्बो असेल तर लोंढा तिथे आपटतो. तिथे ४५ अंशाचे दोन बेंड हवेत. टँकमध्ये येणाऱ्या पाइपाला, म्हणजे इनलेटला, टी (तीन तोंडांचा जोड) असतो. त्याचं खालचं तोंड पाण्यात बुडलेलं आणि वरचं तोंड हवेत उघडं असायला हवं. गिलावा करताना हे वरचं तोंड सिमेंटने बुजवलेलं किंवा झाकण लावून बंद केलेलं अनेक ठिकाणी सापडतं. मग घरातल्या लाइनीचा आणि टँकमधल्या हवेचा संबंधच तुटतो.

फ्लशचा काही संबंध नाही, पण आंघोळ किंवा वॉशिंग मशीन चालू असताना नहाणी बोलते, असं असेल तर सांडपाण्याची लाइन तपासा. इथे आपल्याकडचं एक खास कारण आहे. बाथरूम आणि स्वयंपाकघराची ७५ मिमीची लाइन गली ट्रॅपमध्ये (घराबाहेर जमिनीत बसवलेल्या ट्रॅपमध्ये) सोडलेली असते. गली ट्रॅपवर जाळी असते, तिच्यातून हवा खेळते. झुरळं येतात, डास होतात म्हणून कोणीतरी त्या जाळीवर कडाप्पा ठेवून सिमेंट मारतं. त्या दिवसापासून पाइपातली हवा दोन पाण्यांमध्ये कोंडली: एका टोकाला नहाणीचं पाणी, दुसऱ्या टोकाला गली ट्रॅपचं. ७५ च्या उभ्या पाइपाला गच्चीवर तोंड असतं तर एवढं बिघडलं नसतं, पण सांडपाण्याच्या पाइपाला हवा कशाला, म्हणून तो वरच्या बाथरूमपाशीच संपवलेला असतो. कडाप्पा काढा, जाळी मोकळी करा, तिच्यावर बारीक नायलॉनची जाळी लावा. गुडगुड त्याच दिवशी थांबली तर निदान बरोबर.

गुडगुड नाही, फक्त गावाहून परत आल्यावर वास येतो? ट्रॅप सुकलाय. मराठवाड्यात, विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत हे सर्रास होतं. पाहुण्यांच्या बाथरूममध्ये आठवड्याला एक तांब्या पाणी ओता. जायच्या आधी पाण्यावर दोन चमचे खाद्यतेल सोडलं तर बाष्पीभवन मंदावतं. यासाठी कोणताही व्हेंट (हवेचा पाइप) लागत नाही.

फक्त जुलै-ऑगस्टमध्ये त्रास होतो आणि दिवाळीपर्यंत आपोआप थांबतो, हे कोकणात आणि काळ्या मातीच्या भागात दिसतं. शोषखड्डा भरलेला असतो, टँकचं पाणी पुढे जात नाही, पातळी इनलेटपर्यंत चढते आणि पाइपाचं तोंड बुडतं. इथे गच्चीवर कितीही काउल लावा, उपयोग नाही. दुरुस्ती शोषखड्ड्याची करायची.

आणि ट्रॅप भरलेला असूनही वास येत असेल तर सांधा गळतोय, कमोडमागचा कनेक्टर सुटलाय, चेंबरचं झाकण बसत नाही किंवा काउलच एखाद्या खिडकीशेजारी आहे.

पाण्याची पट्टी-चाचणी

अंदाजावर राहू नका, मोजा. नहाणीची जाळी काढा. आत बादलीभर पाणी ओता आणि वाहणं पूर्ण थांबू द्या. स्टीलची पट्टी उभी धरून फरशीच्या पातळीपासून पाण्यापर्यंतचं अंतर लिहा. समजा ६२ मिमी आलं. आता वरच्या मजल्यावर फ्लश करा आणि त्याच क्षणी तिथल्या नहाणीत एक बादली पाणी ओता. असं तीनदा करा, मध्ये फ्लशची टाकी भरू द्या. मग खाली पुन्हा मोजा. ७० आलं तर ट्रॅपने ८ मिमी गमावले, चालेल. ९० आलं तर २८ गेले, म्हणजे ५० पैकी अर्ध्याहून जास्त. अर्धं पाणी तरी शिल्लक राहिलंच पाहिजे, त्याखाली गेलं की हवेचा रस्ता करावाच लागेल.

याच वेळी ट्रॅपची मूळ खोलीही बघून घ्या. जाळीखाली नुसती टोपी उलटी ठेवलेली असेल तर तिच्यात पाणी जेमतेम बोटाच्या पेराएवढं राहतं. असा ट्रॅप चांगल्या व्हेंटलाही दाद देत नाही. तो बदला.

गळका सांधा शोधायला साबणाचा फेस लावा, फुगे येतात तिथे गळती. हवा कोणत्या दिशेला वाहते ते बघायला टिश्यू पेपरची पट्टी पुरते. चेंबर, टँक किंवा व्हेंटच्या तोंडाशी काडी, दिवा, लायटर कधीही नेऊ नका, तिथे मिथेन असतो. गळती सापडतच नसेल तर पेपरमिंट तेलाची जुनी युक्ती आहे: गच्चीवरच्या तोंडातून थोडं तेल आणि त्यामागे अर्धी बादली कोमट पाणी सोडायचं, खाली दुसऱ्याने वास घ्यायचा. तेल ओतणाऱ्याने चाचणी होईपर्यंत खाली यायचं नाही, त्याच्या हाताचाच वास घरभर होतो आणि काही कळत नाही.

नवीन घर: तीन तोंडं वर न्यायची

उदाहरण म्हणून तळमजला आणि वर एक मजला धरू. बाथरूमवर बाथरूम, स्वयंपाकघर त्याच भिंतीला, सेप्टिक टँक घरापासून ४ मीटरवर. अशा घराला हवेची तीन तोंडं लागतात.

पहिलं मैल्याच्या उभ्या लाइनीचं. ११० मिमीची लाइन वरच्या कमोडपाशी थांबवायची नाही, त्याच मापाने सरळ गच्चीच्या वर न्यायची. मध्येच रिड्यूसर (माप कमी करणारा जोड) टाकून ५० चा पाइप वर नेला की पैसे वाचतात आणि निम्मा उपयोग जातो. वापरातल्या गच्चीवर हा पाइप गच्चीपासून २ मीटर उंच असावा. ३ मीटरच्या आत एखादी खिडकी असेल तर तिच्या माथ्यापासूनही २ मीटर वर. कठड्याच्या वर वीतभर काढून सोडलेले पाइप जिकडेतिकडे दिसतात; त्याच गच्चीवर लोक पापड वाळवतात, उन्हाळ्यात झोपतात. शेजाऱ्याची खिडकीही मोजा. प्लॉट लहान असेल तर त्याची बेडरूम तुमच्या काउलपासून आपल्यापेक्षा जवळ असू शकते.

तळमजल्याचा कमोड या उभ्या लाइनीला जोडूच नका. त्याला स्वतंत्र ११० ची लाइन देऊन थेट चेंबरमध्ये सोडा. पायथ्याशी दाबलेली हवा मग त्याच्या वाट्याला येत नाही. चेंबर ६ मीटरच्या आत असेल तर त्याला वेगळा व्हेंट लागत नाही. लांब असेल तर ५० मिमीचा घ्या.

दुसरं तोंड सांडपाण्याच्या ७५ च्या लाइनीचं. तीही पूर्ण मापाने वर, स्वतःच्या काउलसह. खाली ती गली ट्रॅपमध्ये, जाळीच्या खाली पण पाण्याच्या वर सुटली पाहिजे. पाण्यात बुडवली तर हवेचं तोंड बंद.

तिसरं सेप्टिक टँकचं. आयएस २४७० या भारतीय मानकाप्रमाणे हा पाइप किमान ५० मिमीचा. टँक घरापासून १५ मीटर किंवा त्याहून लांब असेल तर २ मीटर उंची पुरते, त्याहून जवळ असेल तर इमारतीच्या माथ्याच्या २ मीटर वर. आपल्या प्लॉटवर १५ मीटर कुठून मिळणार? त्यामुळे टँकवर कमरेएवढा पाइप उभा करून भागत नाही. टँकच्या स्लॅबखालून ७५ चा पाइप काढा, जमिनीखालून भिंतीपर्यंत आणा आणि भिंतीला धरून वर न्या. आडव्या भागाला टँककडे उतार द्या. हा उतार चुकला की पावसाचं आणि वाफेचं पाणी मध्यात साचतं आणि पाइप आतून बंद होतो. बाहेरून सगळं ठीक दिसतं आणि कारण वर्षभर सापडत नाही.

पन्हाळीचा पाइप व्हेंट म्हणून वापरू नका आणि व्हेंटमध्ये गच्चीचं पाणी सोडू नका. पहिल्याने वास अंगणात उतरतो, दुसऱ्याने पावसाळ्यात टँक भरून वाहतो.

फांदीला वेगळी हवा कधी

बाथरूम उभ्या लाइनीला चिकटून असेल तर आडव्या फांदीला (बेसिन, कमोड अशा भांड्यापासून उभ्या लाइनीपर्यंतच्या पाइपाला) वेगळा व्हेंट लागत नाही. अंतर वाढलं की लागतो. बेसिनच्या ३२ मिमी पाइपाला पावणेदोन मीटर, ४० ला ३ मीटर, ५० ला ४ मीटर, एवढ्याच्या आत राहिलं तर निभावतं. खोल्यांची रचनाच अशी असेल की बेसिन दूर जातं, तर पाइप एक माप मोठा घ्या किंवा फांदीला व्हेंट द्या.

हा व्हेंट फांदीच्या पाठीवरून, म्हणजे वरच्या बाजूने काढायचा. बगलेतून काढला तर त्यात घाण शिरते आणि काही महिन्यांत तो बुजतो. वर नेऊन मुख्य व्हेंटला जोडताना त्या मजल्यावरच्या सगळ्यात उंच भांड्याच्या काठापेक्षा किमान १५० मिमी वर जोडा. बेसिनचा काठ ८०० मिमीवर असेल तर जोड ९५० च्या वर. याखाली जोडला आणि फांदी तुंबली, तर सांडपाणी व्हेंटमधूनच वाट काढतं, तुंबल्याचं कळतही नाही आणि व्हेंट कायमचा जातो.

भिंत फोडून पाइप वर नेणं अशक्यच असेल तर एकतर्फी हवा घेणारा व्हॉल्व्ह मिळतो. आत ओढ निर्माण झाली की तो उघडतो, एरवी बंद. तो उभा, हात पोचेल अशा जागी आणि भांड्याच्या काठाच्या वर बसवावा. तो हवा आत घेतो, बाहेर सोडत नाही. म्हणून बुडबुड्यांच्या तक्रारीवर त्याचा उपयोग नाही, आणि टँकच्या व्हेंटवर तो लावायचा नाही.

ट्रॅपवर ट्रॅप नको

कमोडच्या चिनीमातीतच ट्रॅप असतो. भारतीय पद्धतीच्या पॅनला मात्र खाली वेगळा पी ट्रॅप लागतो. सवयीने कमोडखालीही पी ट्रॅप बसवला की दोन पाण्यांमध्ये हवा अडकते, फ्लश अर्धवट होतो, आणि दोष कमोडच्या कंपनीला दिला जातो. पॅन काढून कमोड बसवताना जुना पी ट्रॅप जमिनीत राहून गेला असेल तरी हेच होतं. नूतनीकरणाच्या कामात हे सर्वात आधी तपासा.

सामान

मापं मिमीमध्येच मागा. इंचावर बोललात की ७५ आणि ९० मध्ये घोळ होतो. मैल्यासाठी एसडब्ल्यूआर (ड्रेनेजचा पीव्हीसी) पाइप आयएस १३५९२, टाइप बी. टाइप ए हा व्हेंट आणि पावसाच्या पाण्यासाठी असतो. ११० मध्ये ए ची जाडी २.२ मिमी, बी ची ३.२. पाइपावर छापलेलं वाचून घ्या.

लांबीचा हिशोब: जमिनीखाली अर्धा मीटर, जोतं ०.४५, दोन मजले ६, गच्चीवर २, मिळून ८.९५ मीटर. ३ मीटरच्या तीन नळ्या पुरतील असं वाटतं, पण प्रत्येक सॉकेटमध्ये काही लांबी जाते, म्हणून चार आणा. उरलेला तुकडा चेंबरकडे कामी येतो. ७५ च्या चार. टँकच्या व्हेंटला ४ मीटर आडवे धरून ७५ च्या पाच. जिन्याची टोपी असेल तर माथा तिच्यापासून धरायचा, तेव्हा सहा. काउल तीन. पायथ्याला ४५ अंशाचे दोन बेंड, फांदीला आणि पायथ्याच्या वर डोअर टी (झाकण उघडता येणारा टी), म्हणजे पुढे तार घालायची वेळ आली तर फोडाफोडी नको. क्लिपा साधारण दीड मीटरला एक.

रबर रिंगच्या सांध्याला साबणाचं पाणी किंवा लुब्रिकंट लावा, तेल किंवा ग्रीस नाही. सॉकेटचं तोंड वर. पाइप तळापर्यंत घालून १० मिमी मागे ओढा, उन्हात तो लांबतो. आडव्या ११० ला मीटरमागे २० मिमी उतार.

काउलला डासांसाठी जाळी हवीच. सेप्टिक टँकमध्ये क्यूलेक्स डास वाढतात आणि गावोगावी आरोग्य कर्मचारी व्हेंटला जाळी बांधायला सांगतात ते याचसाठी. पण जाळी म्हणजे जाळी. जुन्या साडीचं फडकं, पायमोजा किंवा प्लास्टिकची पिशवी बांधली की डासांबरोबर हवाही थांबते. नायलॉनची जाळी वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी बदला.

टँकमध्ये कोणी उतरायचं नाही

इनलेटचा टी बुजलाय म्हटल्यावर मोह होतो की झाकण उघडून एकाला आत सोडावं. अजिबात नाही. हायड्रोजन सल्फाइड वाढला की नाक बधिर होतं, वास येईनासा होतो आणि माणूस काही श्वासांत कोसळतो. त्याला काढायला उतरलेलाही वर येत नाही. संरक्षक साधनांशिवाय माणसाकडून टँक साफ करून घ्यायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. आधी मैला उपसणारी गाडी बोलवा, टी वरून लांब बांबूने किंवा रॉडने मोकळा करा, तोंडाजवळ वाकून बघू नका. म्हणूनच नवीन टँक बांधताना इनलेटच्या बरोबर वर वेगळं लहान झाकण ठेवून घ्या.

कोबा भरण्याआधी

बाथरूमचा खड्डा विटांच्या तुकड्यांनी भरला की आतलं काही दिसत नाही, त्यामुळे चाचणी त्याआधी. खालची तोंडं बंद करून लाइनीत पाणी भरा, तासभर पातळी बघा. मग तोंडं उघडून वरून दोन बादल्या एकदम सोडा आणि नहाणी ट्रॅपमध्ये पट्टी धरून आधी सांगितलेली चाचणी करा. गच्चीवरचं एंड कॅप त्याच दिवशी काढून काउल बसवा. पुढे आणखी एक मजला चढवायचा विचार असेल तर काउलखाली शेवटचा सांधा सॉल्व्हेंट सिमेंटने चिकटवू नका, रिंगचा ठेवा, म्हणजे काउल उपसून तिथेच पुढची नळी जोडता येईल.